जेऊर बोलतोय

एकतीस वर्षं मी गाड्या चालवल्या आणि एकदाही इंजिनात पाऊल ठेवलं नाही. हे सांगितलं की पाहुणे माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग खात्री करून घ्यायला माझ्या बायकोकडे. शमीम तिच्या ठेवणीतल्या दखनीत त्यांना सांगते, "सच्ची बोल रहे जी. कुर्सी पो बैठ को रेलां चलाते थे."

खरंच आहे ते. मी सोलापूरला सेक्शन कंट्रोलर होतो. स्टेशन मास्तर, ड्रायव्हर, गार्ड, तिकीट तपासनीस हे प्रवाशांना दिसतात, त्यांच्याशी भांडताही येतं. कंट्रोलर कुणालाच दिसत नाही. एका बंद खोलीत त्याचं टेबल असतं, कानावर हेडफोन असतो आणि समोर चार्ट नावाचा कागद पसरलेला असतो. त्या कागदावर तो दिवसभर पेन्सिलीने रेघा मारतो. मी निवृत्त होण्याच्या काही वर्षं आधी या रेघा कॉम्प्युटर मारू लागला, पण माझी हयात कागदावर गेली.

चार्ट समजायला सोपा आहे. आडव्या रेघा म्हणजे स्टेशनं, खाली सोलापूर आणि वर दौंड. उभ्या रेघा म्हणजे वेळ. गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. दौंडकडे जाणारी अप गाडी चढत जाते, सोलापूरकडे येणारी डाऊन गाडी उतरत येते. आमच्या मार्गावर बराच भाग तेव्हा एकेरी होता. एकच रूळ आणि त्यावरून दोन्ही बाजूंच्या गाड्या. म्हणून चढती आणि उतरती रेघ एकमेकींना भेटायची ती फक्त स्टेशनच्या रेघेवरच. तिथे मुख्य रुळाशेजारी एक जादा फाटा असतो, त्याला लूप म्हणतात. एक गाडी लूपमध्ये सरकते, दुसरी मुख्य रुळावरून निघून जाते. आम्ही त्याला क्रॉसिंग म्हणतो आणि प्रवासी त्याला 'का थांबवली हो?' म्हणतात.

पहिल्या दिवशी मला शिकवायला हिरेमठ साहेब होते. मूळचे अक्कलकोटकडचे, रागावले की मराठीतून कानडीत जायचे. त्यांनी पेन्सिलीचं टोक एका रेघेवर ठेवलं.

"मुजावर, ही गाडी कुठनं आली सांग बघू."

"सोलापूरहून, साहेब."

"सोलापूरहून तुझ्या कागदावर आली. गाडी आली कन्याकुमारीहून. आणि ही बघ, दौंडला संपली. संपली का?"

"संपली की."

"अय्यो! कागद संपला तुझा. गाडी कुठं संपली? तिथं दुसऱ्याचा कागद चालू होतो, त्याच्यापुढं तिसऱ्याचा. पार जम्मूपर्यंत कागदाला कागद लागलाय. सगळा कागद एका ठिकाणी अंथरून कुणी बघितलेला नाही. मंत्र्यानंसुद्धा नाही."

त्या दिवशी घरी आलो तर जेवण जाईना. या घटकेला, मी भाकरी मोडतोय तेव्हा, आसामात कुणीतरी माझ्यासारखाच पेन्सिल धरून बसलाय आणि केरळातही कुणीतरी बसलाय. आम्ही एकमेकांना ओळखत नाही आणि तरी माझी रेघ जिथे सुटते तिथून कुणीतरी ती उचलतो. एकतीस वर्षांत या गोष्टीचं नवल माझ्या मनातून गेलं नाही. आजही गेलेलं नाही.

आमचा फोन ही आणखी एक गंमत होती. सगळ्या सेक्शनला मिळून एकच लाइन. मी मोहोळशी बोललो तर ते कुर्डुवाडीला ऐकू जायचं, जेऊरला जायचं, पार दौंडपर्यंत जायचं. कुणाला झापलं की सगळ्यांसमोर झापलं, आणि कुणाच्या घरी पाहुणे आलेत हेही सगळ्यांना ठाऊक. काही मास्तर लाइनवर हळूच अर्ज करायचे. "साहेब, आमच्या घरची मंडळी येत्यात त्या गाडीनं, तेवढं दोन मिनिटं जास्त थांबवा की." कधी ऐकायचो, कधी ओरडायचो.

ज्यानं कधीच काही मागितलं नाही असा एकच मास्तर होता, जेऊरचा कांबळे. जेऊर म्हणजे करमाळा तालुक्यातलं लहानसं स्टेशन. बाराएक वर्षं तो माझ्या कानात होता. त्याचा एकच साचा: "जेऊर बोलतोय साहेब. अप एक्सप्रेस थ्रू, चौदा बारा, ऑल राइट." थ्रू म्हणजे न थांबता गेली. ऑल राइट म्हणजे गाडी जाताना त्याने हिरवा झेंडा धरला, डबे डोळ्यांखालून घातले आणि कुठे काही वावगं दिसलं नाही. एवढं बोलून फोन खाली. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. आवाजावरून उंचापुरा, जाड मिशीचा माणूस मी मनात उभा केला होता.

आता माझ्या चुकीविषयी सांगतो. ती लपवायची असती तर हा लेखच लिहिला नसता.

सणाचे दिवस होते आणि गाड्या तुडुंब होत्या. दौंडकडे जाणारी एक अप एक्सप्रेस आणि समोरून येणारी एक लांबलचक मालगाडी यांचं क्रॉसिंग मी एका लहान स्टेशनवर लावलं. स्टेशनचं नाव सांगत नाही, त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मालगाडी मुख्य रुळावरून जाणार, एक्सप्रेस लूपमध्ये उभी राहणार. चार्टवर दोन रेघा अशा सुरेख भेटत होत्या की कुणालाच चार मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागत नव्हतं. मी स्वतःवरच खूश होऊन चहा मागवला.

त्या एक्सप्रेसला त्या दिवशी गर्दीसाठी दोन जादा डबे लावले होते. बावीसचे चोवीस झाले होते. सकाळी निरोप आला होता, मी तो वाचलाही होता. पण कागदावर गाडीला लांबी नसते. दहा डब्यांची गाडी असो की चोवीस, चार्टवर तिची रेघ पेन्सिलीच्या टोकाएवढीच. अशी चूक ड्रायव्हर करणार नाही, मास्तर करणार नाही. जो गाडी कधी बघतच नाही तोच ती करणार.

एक्सप्रेस बावीस डब्यांपुरत्या त्या लूपमध्ये शिरली आणि मागचे दोन डबे मुख्य रुळाच्या सांध्यावर बाहेर राहिले. समोर मालगाडी सिग्नलपाशी येऊन उभी. अरुंद बोळात दोन बैलगाड्या समोरासमोर याव्यात तशी गत. एक्सप्रेस पुढे जाईना कारण पुढे मालगाडी, मालगाडी पुढे येईना कारण वाटेत एक्सप्रेसची शेपटी. शेवटी मालगाडीच मागच्या स्टेशनपर्यंत उलटी न्यावी लागली. उलटी गाडी नेणं म्हणजे परवानग्या, कागद, गार्डाने शिट्टी फुंकत मुंगीच्या पावलाने जाणं. वाट मोकळी झाली तेव्हा एक्सप्रेसला सत्तर मिनिटं उशीर झाला होता.

उशिराला आमच्याकडे कारण लिहावं लागतं. हिरेमठ साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. तेव्हा ते आमचे वरिष्ठ झाले होते आणि माझी बढती तोंडावर आली होती. हेडफोनवर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "मुजावर, एक्सप्रेसचं इंजिन कमजोर लिही. इंजिनाला काय तोंड हाय? ड्रायव्हरचं मी बघतो." मी लिहिलं. एका दमात लिहिलं, हे आज सांगायला लाज वाटते.

तेवढ्यात लाइनवर आवाज आला.

"जेऊर बोलतोय साहेब."

"बोला कांबळे."

"अप एक्सप्रेसचं हितं तीन पॅसेंजर हायत. दौंडला लखनौची गाडी धरायचीय त्यांना. मिळंल का?"

मी हिशोब केला. एक्सप्रेस दौंडला पंधरा तीसला पोचायची, लखनौकडची गाडी सोळा वीसला सुटायची. एरवी पन्नास मिनिटं हातात. आज एक्सप्रेस सोळा चाळीसला पोचणार. वीस मिनिटं कमी. आणि ती गाडी आठवड्यातून एकदाच.

"कोण आहेत?"

"दोघं श्रीपूरच्या कारखान्यातलं फिटर हायत, गावी निघाल्यात. एक पोरगी हाय. लष्करी नर्सिंगसाठी निवड झालीय, शेवटची तपासणी हाय लखनौला. परवा सकाळी हजर न्हाय झाली तर गेलं."

"बघतो," मी म्हणालो. एवढ्यावर फोन खाली ठेवायचा तो, त्या दिवशी मात्र ठेवला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता.

दौंडच्या पुढे दुसऱ्याचा कागद. मी शेजारच्या कंट्रोलरला दुसऱ्या फोनवरून गाठलं आणि लखनौची गाडी दहा मिनिटं थांबव म्हणालो. उरलेली दहा मी माझ्या सेक्शनात भरून काढतो.

तो खडूस होता, पण बोलला ते रास्त बोलला. "तुमच्या इंजिनात दम नाही असं आत्ताच मला कळवलंत. मग दहा मिनिटं भरून कशी काढणार? वाटेत पुन्हा बसलं तर माझी भरलेली गाडी कुठवर थांबवून ठेवू? जमणार नाही."

माझ्या पेन्सिलीने लिहिलेलं खोटं माझ्याच समोर येऊन उभं राहिलं होतं, मालगाडी उभी होती तसंच. इंजिन धडधाकट आहे हे सांगायचं तर मग उशीर कशाने झाला हेही सांगावं लागणार. आणि माझ्या हेडफोनची लाइन उघडी होती. सोलापूरपासून दौंडपर्यंत यच्चयावत मास्तर ऐकत होते. हिरेमठ साहेबांनी माझा खांदा दाबला आणि मान हलवली, नको म्हणून. बढती, अब्रू, घरी शमीमने शेजारणीला आधीच सांगून ठेवलेली गोष्ट, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग ती पोरगी आली. तिलाही मी पाहिलेलं नव्हतं.

"इंजिनाला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "चूक माझी आहे. चोवीस डब्यांची गाडी मी बावीसच्या लूपमध्ये घातली. इंजिन ठणठणीत आहे. दहा मिनिटं द्या."

शेजारचा कंट्रोलर म्हणाला, "दहा देतो. अकरावं नाही."

पुढचा दीड तास मी आयुष्यात विसरणार नाही. मी कुणाला काही सांगायच्या आधीच लाइनवर आवाज येऊ लागले. "साहेब, माझ्याकडची मालगाडी मी आत घेतो, एक्सप्रेसला मोकळा रस्ता देतो." "साहेब, इथलं फाटक आधीच बंद करून ठेवलंय." "साहेब, डाऊनवाल्याला मी इथंच धरतो, तुमी फक्त हो म्हणा." मी हो म्हणत गेलो. ज्यांना मी वर्षानुवर्षं सगळ्यांदेखत झापलं होतं ते मास्तर एकेक मिनिट माझ्या ओंजळीत आणून टाकत होते. चार्टवर रेघ ताठ होत चालली. त्या रेघेत सोळाशे माणसं बसलेली आहेत, तिच्यापुढे स्टेशनामागून स्टेशन बाजूला होतंय, हे मला त्या खोलीत बसून जाणवत होतं.

"जेऊर बोलतोय साहेब. अप एक्सप्रेस पंधरा सोळाला आली, पंधरा सतराला सुटली. ऑल राइट."

जेऊरचा थांबा दोन मिनिटांचा. कांबळेने एका मिनिटात गाडी काढली होती.

सोळा अठ्ठावीसला दौंडहून फोन आला. तिथल्या मास्तराने दोन्ही गाड्या समोरासमोरच्या फलाटावर घेतल्या होत्या. तिघंही बसले. सोळा तीसला लखनौची गाडी सुटली आणि ते तिघं माझ्या कागदावरून दुसऱ्याच्या कागदावर गेले. मी इंजिनाचं कारण खोडून खरं कारण लिहिलं. हिरेमठ साहेब काहीतरी कानडीत पुटपुटले आणि माझा गार झालेला चहा बदलून आणायला स्वतः गेले.

यथावकाश वरून पत्र आलं आणि बढती दोन वर्षं पुढे गेली. शमीम दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वो छोकरी पोंची ना? बस." तेव्हा मला ती छोकरी कोण हे माहीत नव्हतं.

ते कळलं महिन्याभराने, लाइनवरच. जेऊरच्या अलीकडच्या केम स्टेशनचा मास्तर जरा आगाऊ होता. भर दुपारी म्हणाला, "साहेब, कांबळे मास्तरला पेढे मागा. पोरगी नर्सिंगला लागली की मिलिटरीत. ती न्हवं का, लखनौला गेल्याली!"

मी लगेच जेऊरला हाक मारली.

"कांबळे, लाइनवर आहात ना? ती तुमची मुलगी होती?"

"व्हय साहेब. सुजाता."

"अहो, मग तेव्हाच सांगायचं की!"

"पोरगी म्हणलो असतो तर तुमी माझ्यासाठी गाडी थांबवली असती. तिकीट तिचं हुतं साहेब. तिकिटासाठी थांबवाय पायजे."

मला ते एक मिनिट आठवलं. मुलगी पहिल्यांदा एवढ्या लांब निघालेली आणि बापाने तिला निरोप द्यायचा अर्धा वेळ कापून गाडीला दिला होता, वर मला वेळ सांगताना त्याचा आवाजही हलला नव्हता.

पुढे आमच्या मार्गावर कामं निघाली. खडी पडली, पूल झाले, दुसरा रूळ आला, डोक्यावर विजेची तार आली. शेवटचा एकेरी तुकडा दुहेरी झाला त्या दिवशी मी कामावर होतो. तोवर कॉम्प्युटर आला होता. पडद्यावर चढती आणि उतरती रेघ दोन स्टेशनांच्या मधोमध, उघड्या माळावर एकमेकींना छेदून गेली आणि कुणाला काही झालं नाही. सवयीने मी 'थांबव!' म्हणून ओरडलो. नवख्या कंट्रोलरांना मी का ओरडलो ते कळेना. उभ्या आयुष्यात ज्या गोष्टीची भीती बाळगली ती आता रोज शंभरदा घडणार होती आणि तिच्यात काही धोका नव्हता. मी पाणी प्यायलो आणि नुसता बघत बसलो.

कांबळे माझ्या आधीच निवृत्त झाला. जेऊरलाच स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर घर बांधून राहिला. निवृत्तीनंतर आमचे फोन सुरू झाले, आता खासगी. सुजाता मिलिटरीच्या दवाखान्यात अधिकारी झाली, आज पंजाबात, उद्या आसामात. "तुमचा कागद जितं जितं जातोय तितं तितं पोरगी जातीय," तो म्हणायचा. दर वेळी म्हणायचा, "या की साहेब एकदा." दर वेळी मी म्हणायचो, "येतो." सोलापूर ते जेऊर अंतर ते किती! पण देशभराच्या गाड्या वेळेवर धाडणाऱ्या माणसाला तेवढं जमलं नाही. सुजाताच्या लग्नालाही मी ड्युटीचं कारण सांगितलं. तेही इंजिनासारखंच कारण होतं, कुणी उलटतपासणी घेतली नाही एवढंच. याचं मला वाईट वाटतं.

परवा मुलीकडे पुण्याला निघालो, नव्या पांढऱ्या गाडीने. तिकीट काढल्यावर कांबळेला फोन केला.

"साहेब, ती हितं थांबत न्हाय."

"माहीत आहे. मीच आयुष्यभर थांबू दिल्या नाहीत."

तो हसला. "गुडघं धरल्यात, पण फलाटापातूर येतो. उजव्या हाताची खिडकी धरा."

सकाळी कुर्डुवाडी सुटली तशी मी चष्मा पुसून बसलो. गाडी धावत नव्हती, सरकत होती; पेल्यातलं पाणी हलत नव्हतं. ज्या स्टेशनांवर मी माणसांना अर्धा अर्धा तास ताटकळत ठेवलं ती वाचता न येण्याइतक्या वेगाने मागे पडत होती. या गाडीच्या खिडक्या उघडत नाहीत. मी काचेला नाक लावलं. शमीम म्हणाली, "लोगां देख रईं जी." मी ऐकलं नाही. जेऊरचा फलाट आला, एक कडुलिंब, एक बाक, आणि हिरवं काहीतरी ताठ धरलेलं. आणि गेला.

मिनिटभरात फोन वाजला.

"जेऊर बोलतोय साहेब. अप एक्सप्रेस थ्रू, सात बावीस, ऑल राइट."

मी विचारलं, "झेंडा कुठून आणलात कांबळे?"

"सरकारी जमा केला की. ह्यो सुजाताच्या जुन्या ओढणीचा हाय." मग त्यानेच विचारलं, "दिसलो का साहेब?"

हो म्हणणं सोपं होतं. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटलं असतं. पण त्याच्याशी खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती.

"नाही कांबळे. नुसता झेंडा दिसला."

"मंग झालं की," तो म्हणाला. "त्यो धरल्याला मीच हुतो."

मी फोन ठेवला. शमीमने सगळं ऐकलं होतं. तिने डब्यातली चपाती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "इत्ते लोगां के वास्ते रेलां थांबाए, अपने वास्ते एक नै थांबाने आती क्या जी?"

पुण्याला उतरल्यावर पहिलं काम मी ते केलं. परतीचं जलद गाडीचं तिकीट रद्द करून साध्या पॅसेंजरचं काढलं, जेऊरपर्यंतचं. ती गाडी तिथे किती मिनिटं थांबते हे मी पाहिलेलं नाही.